घेऊन जा गे मारबत

धर्म भीतीतून जन्मला, असं मी कॉलेजात जन्मभर शिकवलं. वीज कडाडली, माणूस घाबरला, हात जोडले गेले, इतकं सोपं. म्हणून आमच्या घरात देव्हारा नाही, आणि कुणी विषय काढलाच तर मी त्याला सहजी सोडत नाही.

यंदा मात्र भीती आमच्याच घरात शिरली. माझी नात गार्गी अडखळत बोलते. वर्गात पोरं हसली आणि तिनं तोंडच मिटलं. काही विचारलं तर नुसती मान हलवायची. माझ्या जिवाला घोर लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंजनाबाई दारात उभ्या. "सर, पोरीले काहून कोंडून ठेवता? इतवारीत मारबत निघून राहिली. चला."

"तुम्ही? तुम्ही तर विहारात जाता."

"मी मारबतले नाही मानत. पण ओरडायले कोणाच्या बापाचं काय जाते?"

गेलो. बांबू-कागदाची ती भलीमोठी पिवळी बाई वाजतगाजत फिरवायची आणि शेवटी जाळायची, की गावाची पीडा गेली! माझं लेक्चर मनात सुरूच होतं. गर्दीत कुणी ओरडे, "डेंग्यूले..." आणि सगळा रस्ता उचलून धरी, "घेऊन जा गे मारबत!"

"महागाईले..."

"घेऊन जा गे मारबत!" या खेपेला माझ्या कोपराजवळून एक बारीक, खणखणीत आवाज आला. गार्गी! एकही अक्षर अडलं नाही. मला भररस्त्यात रडू कोसळलं.

परतताना तिनं विचारलं, "आ-आबा, ग-गेलं का माझं?"

गेलं नव्हतं. खोटं तरी कसं बोलू? पण पोरगी बोलली होती.

अंजनाबाई म्हणाल्या, "एकटीनं अडते, सगळ्यायसंग नाही अडत. विहारात असंच अडखळणारं एक पोरगं वंदना म्हणताना पाहिलं हाये मी. रोज कोणासंग तरी म्हणत जा वं, बाई."

आम्ही आधी पाढे म्हणून पाहिले. दोघांनाही कंटाळा आला. आता संध्याकाळी शुभंकरोती म्हणतो. देव्हारा नाही, म्हणून दिवा पुस्तकांच्या कपाटावर. शाळेत शिकवलेलं, म्हणून तिला सगळं पाठ आहे. मी मात्र दुसऱ्याच ओळीला अडखळतो.

गार्गी थांबते. हसत नाही.

"ह-हळू, आबा. माझ्यासोबत म्हणा."