नदी टेकडी चढते

नदी टेकडी चढली, हे सगळ्यांत आधी नणंदेला दिसलं. दिसायचंच होतं. भावजयीची चूक नणंदेच्या नजरेतून सुटली, असं आजवर कुठल्या घरात झालंय?

संग्रहालयाच्या तळघरात पडदे ओढून तिघं बसली होती: संचालक, भूगर्भशास्त्रज्ञ आणि फिल्म करणारी बाई, जिला सगळे नकाशेवाली म्हणत. भूगर्भशास्त्रज्ञ ही नकाशेवालीच्या नवऱ्याची थोरली बहीण. संचालकांना ते माहीत होतं, पण कामाच्या ठिकाणी दोघींनी एकमेकींना 'मॅडम' म्हणायचं ठरवलं होतं आणि ते इतकं काटेकोर पाळत होत्या, की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

भिंतीवर बारा हजार वर्षं चार मिनिटांत सरकत होती. समुद्र मागे हटला, दलदल आली, दलदलीच्या जागी जंगल आलं. नदीने वळणं घेतली आणि कंटाळून टाकूनही दिली. कोपऱ्यात वर्षांचा आकडा भराभर उतरत होता. ज्या टेकडीवर आज गावाची पाण्याची टाकी आहे, तिच्या पश्चिमेकडून वाहणारी नदी अलगद पूर्वेला आली, झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

"वा!" संचालक म्हणाले. "वा, वा!"

"थांबवा," नणंद म्हणाली. "मागे घ्या, मॅडम. अजून थोडं. हां, इथे. ही नदी टेकडीवरून गेली."

नकाशेवालीने पाहिलं. खरंच गेली होती. पाणी टेकडी चढत होतं, माथ्यावर पोचत होतं आणि पलीकडे उतरत होतं, तेही अशा ऐटीत, की महिनाभर रोज बघूनही तिला खटकलं नव्हतं. उलट अख्ख्या फिल्ममधली तिची सगळ्यांत लाडकी जागा तीच होती.

आता या धंद्यात सगळं काही कुणी हाताने काढत बसत नाही. आपण पक्के नकाशे द्यायचे, सात हजार वर्षांपूर्वीचा एक, सहा हजार वर्षांपूर्वीचा एक, आणि मधलं कॉम्प्युटर भरतो. त्याच्या लेखी नदी म्हणजे निळी रेघ. रेघ इथून तिथे न्यायची म्हटल्यावर वाटेत टेकडी आली काय नि समुद्र आला काय! मधल्या हजार वर्षांचं नणंदेने काहीच पाठवलं नव्हतं. काही पाठवलं नाही म्हणजे काही घडलं नाही, असं नकाशेवाली धरून चालली होती.

"सोमवारी दालनाचं उद्घाटन आहे," संचालक म्हणाले. "तोवर जमत असेल तर ठीक. नाहीतर ज्वालामुखींची तयार फिल्म आहे माझ्याकडे. ती लावून टाकू."

ज्वालामुखी! या गावापासून शेकडो मैलांत एक ज्वालामुखी नव्हता. पण नकाशेवालीचा जीव त्या वाक्यात अडकला. पाच वर्षं टूथपेस्टच्या जाहिरातींत दात चमकवून चमकवून ती विटली होती. नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे पहिलं काम. हे भिंतीवर लागलं तर ती नकाशेवाली, नाही लागलं तर पुन्हा दात.

घरी आल्यावर तिने तोंडाचा पट्टा सोडला. "मुद्दाम संचालकांसमोर! एक फोन करता आला नसता तुझ्या बहिणीला? नाकाने कांदे सोलायचे नुसते!"

नवऱ्याची नेहमीचीच गत, इकडे आड तिकडे विहीर. "तिलाही तेव्हाच दिसलं असेल गं."

"घे, तिचीच बाजू घे."

"मी भाजी चिरतोय. बाजू कुणाचीच घेत नाहीये." त्याने सुरी खाली ठेवली. "पण नदी चढली ना खरंच?"

चढली होती. नकाशेवालीचा निम्मा राग तिथेच उतरला. चुकलं तर चुकलं. पण चुकलेलं निस्तरावं तर आपणच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आत्मविश्वास ती माहेराहून भरपूर घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नणंदेच्या प्रयोगशाळेत हजर झाली. लांबच लांब खोली, फळ्यांवर ट्रे, आणि ट्रेमध्ये जमिनीत नळी घालून काढलेले गाळाचे लांब दंडगोल. ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. इथे तिसरं कुणी नव्हतं, तेव्हा मॅडमबिडम दाराबाहेर राहिलं.

"ताई, नदी पलीकडे गेली कशी, एवढंच सांगा. टेकडीला वळसा घालून नेते तिला. दुपारपर्यंत काम फत्ते."

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही." ताईंनी एक ट्रे पुढे ओढला. "हा करडा थर सात हजार वर्षांचा. हा तांबडा सहा हजारांचा. आता मधलं दाखव मला."

करडा थर थेट तांबड्याला टेकला होता. मध्ये नखभरही काही नव्हतं.

"मधला गाळ नदीनेच धुऊन नेला," ताई म्हणाल्या. "एका पुरात उडी मारली असेल. नाहीतर कित्येक पिढ्या दोन्ही बाजूंनी वाहिली असेल. मी प्रत्येक अहवालात लिहिते, अगदी शेवटच्या पानावर. तिथवर कुणी पोचत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ताईंनी हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"लाज वाटली गं. एवढी शास्त्रज्ञ म्हणवते आणि हजार वर्षांचा पत्ता नाही. म्हटलं, तू काहीतरी छान करशील, खपून जाईल. आणि काल बघितलं तर इतकं छान होतं, की मला बघवेना."

नकाशेवालीला लग्नानंतर पहिल्यांदाच या बाईबद्दल माया वाटली. रागावण्याची एवढी चांगली संधी हातची गेली, याचं थोडं वाईटही वाटलं.

"ताई, ती हजार वर्षं मला द्या," ती म्हणाली. "आहेत तशीच दाखवते. रिकामी."

संचालकांनी फोनवर ऐकलं आणि ते हादरलेच. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. लोकांना वाटेल मशीन बिघडलं."

"आधी बघा," ती म्हणाली. "मग खुशाल ज्वालामुखी लावा."

शनिवारी पुन्हा तळघर, पुन्हा पडदे. समुद्र हटला, जंगल आलं, नदी पश्चिमेकडून टेकडीपाशी पोचली आणि थांबली. हिरवा रंग विरला, निळा विरला. कोऱ्या कागदावर उरली फक्त टेकडीची कड, आणि कोपऱ्यात वर्षांचा आकडा, जो काही थांबायला तयार नव्हता. सहा हजार नऊशे. सहा हजार आठशे. अंधारात असा वेळ फार लांबतो. संचालकांनी मान वळवून मशीनकडे पाहिलं. नकाशेवाली हललीसुद्धा नाही. मग ते आकड्याकडे बघायला लागले, मग पुढे सरकले, मग खुर्चीच्या कडेवर आले. सहा हजार झाले. रंग परतले. नदी टेकडीच्या पूर्वेला, जणू काही झालंच नाही अशी, वाहत होती.

"अहो, पण मग ही पलीकडे गेली कशी?" संचालकांनी विचारलं.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. शेवटच्या पानावरचं वाक्य त्यांनी अंधारात असं खणखणीत म्हटलं, की नकाशेवालीला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "टेकडीच्या पायथ्याशी खोल खणलं, तर कदाचित कळेल. काहीतरी हरवलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, मग खणणार कोण?"

"पुन्हा लावा," संचालक म्हणाले.

पुन्हा लावली. मग आणखी एकदा. या खेपेला कोऱ्या जागेत ते गप्प बसेनात. "पूरच असणार. केवढा असेल हो! नाही, पण टेकडीच्या खालच्या अंगाला उतार आहे, हळूहळूही गेली असेल." स्वतःशीच वाद घालत होते आणि स्वतःच हरत होते. दिवे लागले तेव्हा ते जरा ओशाळले.

"ज्वालामुखी राहू देत," ते म्हणाले. "सोमवारी हीच लागेल. पण एक करा. त्या कोऱ्या जागेत लिहा, 'अजून माहीत नाही'. आणि मोठ्या अक्षरांत लिहा. मागच्या रांगेतल्यालाही वाचता आलं पाहिजे."

नकाशेवालीने तिथेच बसून ते तीन शब्द टाइप केले. टूथपेस्टच्या कुठल्याही दातावर तिने इतक्या अभिमानाने काम केलं नव्हतं. ताई मागून वाकून बघत होत्या. अर्थात, सूचना केल्याशिवाय राहवेल ती नणंद कसली. त्यांनी पडद्यावर पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"हा," त्या म्हणाल्या, "आणखी थोडा मोठा कर."