आठ गुणांचा प्रश्न

बाईंनी लाल पेनाने समासात सात लिहिले, खोडले, पाच लिहिले, तेही खोडून पुन्हा सात लिहिले आणि शेजारी सही ठोकली. खाडाखोड झाली की सही करावी लागे. सकाळपासूनची ही नववी.

"बाई, आज पेन प्यायलंय की काय?" मुख्य परीक्षक मागे येऊन उभे राहिले होते.

हॉलमध्ये पंचवीस शिक्षक माना खाली घालून पेपर तपासत होते. प्रश्न सहावा, गुण आठ : दोन युद्धकथांमधल्या सैनिकांच्या निर्णयांची तुलना करा. पहिल्या कथेतला पहारेकरी नदी ओलांडणाऱ्यावर गोळी झाडतो. दुसऱ्या कथेतला सैनिक झऱ्यावर पाणी पिणाऱ्या शत्रूवर नेम धरतो आणि बंदूक खाली घेतो. नमुना उत्तरात स्वच्छ लिहिलं होतं, दुसरा श्रेष्ठ. बाई बावीस वर्षं तेच शिकवत आल्या होत्या.

मुख्य परीक्षकांनी पेपर उचलला आणि हलक्या आवाजात वाचला. "'दुसरा सैनिक मला आवडला. पण तिथे माझा काका असता, तर त्याने गोळी झाडावी आणि घरी यावं, असंच मला वाटलं असतं. असं लिहू नका म्हणून वर्गात सांगितलं होतं, तरी लिहिते.' याला सात?"

"खरं लिहिलंय तिने."

"खऱ्याला गुण कुठे ठेवलेत, बाई? तुलनेला ठेवलेत. तीन करा. चहानंतर बघतो मी."

ते पुढच्या बाकाकडे गेले. बाईंनी तीन केले नाहीत. पेपर तसाच बाजूला ठेवून त्यांनी पुढचा ओढला आणि पहिलीच ओळ चारदा वाचली. बाकाखाली त्यांचा पाय हलत होता. शेजारच्या सरांनी एकदा खाली वाकून पाहिलं, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.

धाकटा भाऊ सीमेवर होता. बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तो त्यांच्याच हाताखाली वाढला आणि पुढे त्यांच्याच वर्गात बसला. शाळेत 'बाई' म्हणायचं, घरी 'ताई', अशी ताकीद होती. एकदा त्याची गल्लत झाली, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, भूक लागली," आणि वडील हसता हसता खोकू लागले. चार दिवस त्याचा फोन नव्हता. काल बातम्यांत त्याच्याच भागातल्या चकमकीचं सांगितलं, आपली हानी नाही म्हणाले. सकाळी भावजयीचा फोन आला, "ताई, तुम्हाला काही कळलं?" दोघींनाही काही कळलेलं नव्हतं.

तपासणी चालू असताना सगळ्यांचे फोन दारापाशी शिपायाकडे ठेवलेले असत. तो चवड्यांवर चालत आला.

"बाई, तुमचा फोन तीनदा वाजला. आता परत वाजतोय."

त्या इतक्या झटक्यात उठल्या की खुर्ची मागे आपटली.

"ताई, मी."

बाई व्हरांड्यातल्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. "अरे, कुठे होतास? जीव टांगणीला लागला होता आमचा! लागलंबिगलं नाही ना? बायकोला केलास फोन?"

"केला. ठीक आहे मी. परवा पहाटे माझा पहारा होता. नाल्यातून एकजण वर आला. एकटाच. मी थांब म्हणालो. त्याने हात हलवले. वर केले की बंदुकीकडे नेले, मला दिसलं नाही, ताई. मी झाडली."

बाईंनी कठडा धरला.

"नंतर जवळ जाऊन पाहिलं. बंदूक पाठीवरच होती त्याची."

"बरोबर केलंस," बाई घाईघाईने म्हणाल्या. "ऐकतोयस ना? अगदी बरोबर केलंस. तू थांबला असतास, तर आज मला कुणाचा फोन आला असता? डोक्यात काही घेऊ नकोस."

"इथे सगळे हेच म्हणतात. साहेबांनी पाठ थोपटली. बायको रडली, मग तीही हेच म्हणाली." तो म्हणाला, "तू तरी असं म्हणणार नाहीस, असं वाटलं होतं. तूच शिकवलंस ना आम्हाला ते. म्हणून तर लावत होतो सारखा फोन."

बाईंनी तोंड उघडलं. वर्गात बावीस वर्षं म्हटलेली वाक्यं ओळीने उभी होती. पण त्याचा आवाज ऐकल्यापासून छातीत जे हलकं झालं होतं, ते अजून हलकंच होतं. त्याला काही केल्या जड होता येत नव्हतं. त्यांनी तळहाताने चेहरा पुसला.

हॉलचं दार उघडलं. "बाई, गठ्ठा एकच्या आत हवाय," मुख्य परीक्षक म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

"ताई? आहेस ना?"

"आहे रे." त्या भिंतीला टेकल्या. "दिसायला कसा होता तो?"

पलीकडे लांब कुठेतरी भांडी आपटत होती, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. फोन ठेवला की काय, असं बाईंना वाटलं.

मग तो सांगू लागला, अडखळत, आधी त्याचे बूट, मग त्याची हनुवटी. बाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.