डावीकडं ओढणारी लॉरी

लढाई संपल्यावर उस्मानभाईंनी लष्कराची जुनी लॉरी भोरला आणली. तिचे ब्रेक हवेवर चालत. उत्रोलीच्या वळणावर ब्रेक दाबला की लॉरी डावीकडं ओढत धोंडाबाईंच्या भातखाचरात जाऊन थांबे.

"लढाईतली गाडी हाय, आडोसा शोधती," उस्मानभाई कौतुकानं सांगत.

पुन्हा रोपं चिरडली तेव्हा धोंडाबाई लॉरीतच चढून बसल्या. "चला, मलाबी न्या आडोशाला."

"उतरा, बाई. धोका हाय."

"मग आमच्या भाताला न्हाई व्हय?"

उस्मानभाईंनी पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकला पोचणारा हवेचा दाब मोजला. उजवीकडं निम्माच होता, नळी चेपली होती. ती बदलल्यावर लॉरी सरळ थांबली.

दुसऱ्या दिवशी लॉरीमालक उस्मानभाई गुडघाभर चिखलात रोपं लावत होते. "मालक, जरा वाकून लावा," बांधावरून धोंडाबाई म्हणाल्या.