तांदळात लिहिलेलं नाव

“सर, हा बटाटा हाय का?”

मागच्या बाकावरून हवालदार व्यंकटरावांनी विचारलं आणि वर्ग हसला. सुदर्शन सरांनी फळ्यावर काढलेली सुपारी खरंच बटाट्यासारखी झाली होती. नांदेडच्या त्या अभ्यासकेंद्रात रविवारी नोकरी, शेत, लेकरं सांभाळून एम.ए. करणारी माणसं येत. आजचा विषय होता संरचनावाद. नुसत्या नावानंच अर्ध्या वर्गानं धसका घेतला होता.

“सुपारी समजा हो,” सर म्हणाले. “पानवाल्याकडं ती सुपारीच. तीच उचलून पाटावर, तांदळाच्या राशीवर ठेवली की?”

“गणपती!” तिघी-चौघी एकदम बोलल्या.

“सुपारी बदलली का?”

“न्हाई.”

“मग बदललं काय?”

“जागा.”

“झालं. संरचनावादाचं पहिलं पाऊल एवढंच. वस्तूला अर्थ तिच्या पोटातून येत नाही. मांडणीतली तिची जागा तिला अर्थ देते. ही सुपारी हरवली तर दुसरी ठेवा, पूजा अडत नाही. शब्दांचं तसंच, कथेतल्या पात्रांचंही तसंच.”

मग त्यांनी हदगावला आईच्या तोंडून ऐकलेली ओवी फळ्यावर लिहिली.

माहेराच्या वाटंवर बाई ऊन चांदण्यासारखं,
सासराच्या वाटंवर बाई चांदणं उन्हासारखं.

“ऊन एकटं वाचलं तर नुसतं ऊन. त्याच्यासमोर चांदणं ठेवलं, माहेरासमोर सासर ठेवलं, की दोन्हींना अर्थ फुटतो. ओवी कुणी रचली, ती बाई कोण, तिला काय दुखत होतं, हे संरचनावाद विचारत नाही.”

दुसऱ्या बाकावरून हात वर आला. ती सरांची बायको होती. यंदाच तिनं नाव घातलं होतं आणि सगळ्या वर्गाला ते ठाऊक होतं. घरात ती ‘अहो’ म्हणायची, इथं ‘सर’.

“म्हणजे सर, जसं मी.”

“तू... तुम्ही कशा?”

“माझं माहेरचं नाव सिंधू. लग्नात उज्वला झालं. पहिल्या ताई वारल्या ना, त्यांचं नाव उज्वला. घरात बायकोची जागा, लेकीच्या, साक्षीच्या आईची जागा, नाव, समदं होतं तसंच राहिलं. सुपारी तेवढी दुसरी आली. बरोबर का, सर?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कधीची अडलेली गाठ एकदम सुटावी तसा चेहरा फुलला होता. शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंनी मात्र मान खाली घातली.

“सांगा की सर,” व्यंकटराव म्हणाले, “बरोबर का चूक?”

“बरोबर,” सर म्हणाले आणि डस्टर घेऊन सुपारी पुसू लागले. पुसून झाली तरी हात थांबेना.

लग्नात त्यांच्यासमोर तांदळाची थाळी आली होती. अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं. मनात त्यांनी एक नाव ठरवलंही होतं. तेवढ्यात त्यांची आई, केवळाबाई, कानाशी वाकली. “तेच लिही बाबा. लेकराला आई बदलल्यावानी वाटू नये.” त्यांनी तेच लिहिलं. सासरे किशनराव वाकून वाचायला आले, वाचलं, आणि मांडवाचे खांब बघत उभे राहिले. नवरीनंही वाचलं. तिच्या मुंडावळ्या जराशा हलल्या. वाऱ्यानं असतील, असं सुदर्शननं तेव्हा स्वतःला सांगितलं.

पण लिहिलेलं ते नाव त्यांच्या ओठावर कधी आलं नाही. ते नाव दवाखान्यातल्या एका खाटेपाशी राहिलं होतं. या बाईला ते ‘अगं’ म्हणत. कधी नुसते खाकरत. घर आईच्या ‘उज्वले’वर चाले. सिंधू म्हणणारी एकच उरली होती, तिची आई. फोनवर तिचा आवाज भांड्यांच्या आवाजातूनही स्वयंपाकघराबाहेर यायचा. “सिंधे, जेवलीस का?” गेल्या दिवाळीआधी तीही गेली. त्या दिवशी आपल्या बायकोचं नावही वारलं, हे सुदर्शनला आज, खडूच्या धुळीत उभं राहून कळलं.

वर्ग सुटल्यावर दोघं गाडीवरून वजिराबादच्या बाजारात आले. वाटेत ती मागून बोलत होती. “आज मला पहिल्यांदा कळलं बघा काही. परीक्षेत हेच उदाहरण लिहू का?”

“नको.”

“का? तुम्हीच तर बरोबर म्हणलात.”

गाडी लावायला ते थांबले आणि ती केळीच्या गाड्याकडे पुढं गेली. हिरव्या पदराची तिची पाठ गर्दीत शिरताना त्यांनी पाहिली आणि ठरवलं. जे घेतलं ते आज, आत्ता, भर बाजारात परत द्यायचं.

“सिंधू!”

जीभ अडखळली. आवाज बारीक निघाला. त्यांनी घसा साफ केला.

“सिंधू! अगं सिंधू!”

दोन अनोळखी बायका वळल्या. मिरच्या तोलणारा थांबला. केळीवालीनंसुद्धा मान वर केली. ती मात्र केळ्यांची फणी उलटीपालटी करून डाग शोधत होती.

“सिंधू!”

गर्दी तिच्या आणि त्यांच्या मधून सरकत होती. ती दिसेनाशी व्हायला लागली, आणि त्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांनी, ते दुसरंच नाव फुटलं.

“उज्वला!”

ती तत्काळ वळली. पूर्ण वळली, हसत.

“अगं बाई!” ते जवळ आल्यावर ती म्हणाली. “आज नावानं हाक? ते बी भर बाजारात? काय झालं?”

“काही नाही.”

केळी पिशवीत ठेवताना ती सांगू लागली. “मघापासून कुणीतरी सिंधू, सिंधू करून राहिलं होतं. मला लई वाईट वाटलं बघा. म्हणलं, कोण बाई हाय ही? एवढं जीव तोडून बोलवून राहिलं माणूस, अन् वळून बघंना.”

“मीच होतो तो.”

तिचा हात पिशवीतच राहिला. ती त्यांच्याकडे बघत होती, मग बघेनाशी झाली. केळीवाली सुटे पैसे धरून उभी होती. बायको हळूच मागे वळली आणि सिंधू शोधावी तशी गर्दीतल्या बायकांचे चेहरे एकेक करून न्याहाळू लागली.