भट्टीवाल्यांचा जिना

त्या जहाजावर तीनशे बारा माणसं होती, आणि भिंगबाईनं ती एकेक करून तीनदा मोजली होती.

तीनदा अशासाठी, की पुस्तकात त्या पानाच्या कोपऱ्यात एक ओळ जायची होती: ‘या चित्रात तीनशे बारा माणसं आहेत. मोजून पाहा!’ मुलं खरंच मोजतात. तीनशे अकरा भरली तर पत्र लिहितात. मागच्या वर्षी मधमाश्यांच्या पुस्तकात एका माशीला पाचच पाय निघाले, तेव्हा सत्तावीस पत्रं आली होती. त्यातल्या एकात नुसतं ‘अरेरे’ लिहिलेलं होतं. तेव्हापासून छापायला जाण्याआधीचं प्रत्येक चित्र तपासायचं काम तिच्याकडे आलं, आणि कामाबरोबर हे नावही. तिला ते आवडायचं. काळजी करणं हा तिचा स्वभावच होता. आता त्याचा पगार मिळत होता, एवढंच.

हे जहाज कधीच पाण्यात उतरलेलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या चार-पाच मोठ्या प्रवासी जहाजांचे आराखडे समोर ठेवून नानांनी ते कागदावर बांधलं होतं. नाना म्हणजे प्रकाशनातले सगळ्यांत जुने चित्रकार. संगणकाला हात लावायचे नाहीत. तीन महिने खपून त्यांनी हात-दीड हात उंच आणि टेबलभर लांब कागदावर ते जहाज रंगवलं, तेही नाकापासून शेपटापर्यंत उभं चिरलेलं, म्हणजे आतल्या सगळ्या खोल्या एकाच वेळी दिसाव्यात. सगळ्यात वर आरामखुर्च्या आणि शालीत गुंडाळलेल्या म्हाताऱ्या. त्याखाली झुंबरं, वाचनालय, पोहण्याचा हौद. आणखी खाली दाटीवाटीच्या खाटा, बटाट्यांची पोती, सामानाच्या पेट्या. आणि अगदी तळाशी, कोळशाच्या ढिगांमध्ये, बॉयलरच्या लाल तोंडांसमोर फावडी घेऊन उभे असलेले उघडे भट्टीवाले. चार धुराडी, पण धूर तीनच धुराड्यांतून. चौथं नुसतं ऐटीसाठी आणि हवा खेळती राहावी म्हणून. त्या काळी काही जहाजांवर तसं असायचं. नानांनी आधी चौथ्यातूनही धूर काढला होता. तो भिंगबाईनंच पकडला.

“तुझ्या नजरेतून मुंगीसुद्धा तिकीट काढल्याशिवाय सुटायची नाही,” नाना तेव्हा म्हणाले होते. म्हणूनच, लेकीला कांजिण्या आल्या आणि भिंगबाईला घरून काम करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मूळ चित्र तिच्या घरी न्यायला दिलं. फळीवर ताणून चिकटवलेलं, वर पातळ कागद, त्यावर सुतळी.

“सोमवारी स्कॅनिंगला जायचंय. लेकरू आहे माझं, जप.”

“माझ्याकडेही एक आहे, नाना.”

“तेच तर भ्या वाटतंय,” नाना म्हणाले, आणि दोघं हसली.

ते लेकरू सहा वर्षांचं. घरात तिला खारू म्हणायचे, कारण हाताला लागेल ते कुरतडायची. आजारपणाचा आठवा दिवस होता. ताप गेला होता, फोड सुकून खपल्या धरल्या होत्या आणि खाज सुटली होती. शनिवारी दुपारी ती झोपली आहे असं पाहून भिंगबाई खालच्या औषधांच्या दुकानात खाजेचं औषध आणायला गेली. बारा मिनिटं. नंतर तिनं ती हजारदा मोजली.

परत आली तर खाट रिकामी आणि घर गप्प. मूल जागं असताना घर गप्प असलं की आई चप्पल न काढताच आत धावते.

खारू टेबलाजवळच्या खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. सुतळी सुटलेली. फळीच्या खालच्या कडेची चिकटपट्टी व्यवस्थित, शेवटपर्यंत सोललेली. हातात नखं कापायची कात्री. आणि चित्राच्या तळाशी, जिथे भट्टीवाले होते तिथे, चार भोकं. भोकांतून फळीचं लाकूड दिसत होतं.

“आई, बघ,” खारू आनंदानं म्हणाली. “मी त्यांना वर आणलं.”

वरच्या डेकवर, शालीतल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी, डिंकानं चिकटवलेले चार काळेकुट्ट भट्टीवाले फावडी घेऊन समुद्राची हवा खात उभे होते. एक थोडा तिरका लागला होता.

भिंगबाईचा हात उठला. उठला आणि तसाच राहिला, कारण ज्या गालावर तो पडायचा त्यावर अकरा खपल्या होत्या आणि त्या तिला पाठ होत्या.

“का?” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“त्यांना किती उकडत होतं!” खारू म्हणाली. आईला एवढंही कसं कळत नाही, असा तिचा चेहरा.

संध्याकाळी खारूचा बाबा कामावरून आला, त्यानं भोकं पाहिली, एकात बोट घालून चाचपलं. मग म्हणाला, “इतर जहाजांना हिमनग लागतो. आपल्याला घरचाच मिळाला.”

“हसू नकोस. नोकरी जाईल माझी.”

“हसत नाहीये. काय करता येईल?”

ते तिला माहीत होतं. प्रकाशनाच्या बांधणी खात्यात बसून तिनं जुनी पानं दुरुस्त होताना पाहिली होती. ओल्या कापसानं डिंक सैल केला. भुवयांच्या चिमट्यानं एकेक माणूस उचलला. मागून पातळ कागदाची ठिगळं लावून चौघांना आपापल्या भट्टीसमोर बसवलं, वर जाड शब्दकोश ठेवला. दीड तासानं भिंगातून पाहिलं तर केसाएवढी रेघ, तीही माहीत असेल त्यालाच दिसेल अशी. म्हाताऱ्यांच्या शेजारचा डाग तिनं पुसून काढला. माणसं मोजली. तीनशे बारा.

“झालं की!” बाबा म्हणाला. “छापून आल्यावर देवालासुद्धा कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

तिला हायसं वाटलं. लाज वाटली, पण हायसं जास्त.

रविवारी सकाळी खारू उठली, सरळ टेबलापाशी गेली आणि ओरडली, “आई! तू त्यांना परत खाली टाकलंस?”

“त्यांचं काम आहे तिथे, राजा. भट्टी पेटती नाही ठेवली तर जहाज थांबेल ना.”

“आणि काम संपल्यावर?”

“चार तास काम करतात, मग वर जाऊन झोपतात. मग दुसरे चौघं येतात.” हे तिला तोंडपाठ होतं, चित्राशेजारी छापायच्या सत्तेचाळीस नंबरच्या टिपणात तेच लिहिलेलं होतं आणि त्यापुढे बरोबरची खूण तिनंच केली होती.

“कुठून वर जातात?”

“जिन्यानं.”

“कुठला?”

“थांब, दाखवते.” भिंगबाईनं भिंग उचललं. भट्टीपासून सुरुवात केली. डावीकडे कोळशाचं कोठार, वाट बंद. उजवीकडे पोलादी भिंत. वर हवेचा नळ, त्यातून फार तर मांजर जाईल. सामानाची लिफ्ट वरून येऊन पाचव्या मजल्यावरच संपत होती. ती पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली.

“मी बोट फिरवून बघितलंय,” खारू म्हणाली. “सगळ्यांना जिना आहे. त्या झुंबरवाल्यांना केवढा मोठा. स्वयंपाक्यांना आहे. कुत्र्यांच्या घरालापण तीन पायऱ्या आहेत. यांनाच नाही. म्हणून मी उचललं.”

झुंबरवाल्यांचा जिना रंगवायला नानांना अकरा दिवस लागले होते. कठड्याची प्रत्येक दांडी भिंगबाईनं मोजली होती. कुत्र्यांच्या तीन पायऱ्याही मोजल्या होत्या. जे काढलं होतं ते सगळं तिनं तपासलं होतं. जे काढलंच नव्हतं, ते कोण मोजणार?

तिनं कपाटातून आराखड्यांचं जाडजूड पुस्तक काढलं, घडीचं पान जमिनीवर उलगडलं. मायलेकी दोघी पालथ्या पडून शोधायला लागल्या. पाव तासानं तो सापडला. जहाजाच्या नाकाशी, एका अरुंद नळकांड्यात, गोल गोल जाणारा लोखंडी जिना. भट्टीवाल्यांच्या झोपायच्या खोल्यांपासून थेट तळापर्यंत, आणि तिथून बॉयलरकडे जाणारा एक बोगदा. प्रवाशांच्या वाटेला तो कुठेच लागत नव्हता. दोघांची कधी गाठ पडू नये अशीच सोय होती.

“लपवलेला जिना!” खारू कुजबुजली. खाजवायचंही विसरली होती.

क्षणभर भिंगबाईही विसरली होती. मग आठवलं. चूक सांगायची म्हणजे नाना चित्र फळीवर घेणार, भिंग लावून खालच्या मजल्यावर वाकणार आणि त्यांना ती केसाएवढी रेघ दिसणार. चूक न सांगावी तर मूठ झाकलेली राहील आणि त्या चौघांना जन्मभर वर यायला वाट नाही.

“सांगू नकोस,” बाबा भाजी आणायला निघता निघता म्हणाला. “कोण बघतंय?”

“हिनं बघितलं,” भिंगबाई म्हणाली.

तिनं नानांना फोन लावला. “नाना, तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्यात का?”

“पन्नास वर्षं झाली. काय गं, चित्राला आल्या की काय?”

“मी येते तिकडे. लेकीला घेऊन.”

नानांची खोली म्हणजे एक मोठं टेबल आणि त्याच्या कडेकडेनं जमेल तसं उरलेलं घर. बशांमध्ये वाळलेले रंग, बरणीत ब्रश. भिंगबाईनं वाटेत ठरवलं होतं की आधी जिन्याचं सांगायचं, मग हवा पाहून उरलेलं. तिनं चित्र टेबलावर ठेवलं, शेजारी बरोबर आणलेल्या पुस्तकातला आराखडा उलगडला, बोट ठेवलं.

“जिना?” नाना उसळले. “चाळीस वर्षं जहाजं काढतोय मी! जिना विसरेन?” त्यांनी भिंग ओढलं, चित्रावर वाकले. नाकाशी पाहिलं. तळाशी आले. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. “विसरलो,” ते हळूच म्हणाले. आणि त्यांचं बोट थांबलं. “हे काय?”

हवा पाहायला वेळच मिळाला नाही. भिंगबाईनं सगळं सांगितलं. बारा मिनिटं, कात्री, डिंक, ठिगळं. मध्ये कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही. घ्यावीशी वाटली, पण घेतली नाही.

नाना खारूकडे वळले. “कात्री कुठली?”

“नखाची.” खारू आईच्या मागे सरकली.

“वाकड्या पात्याची. तरीच कड गोल आलीये.” मग ते भिंगबाईकडे वळले, आणि त्यांचा आवाज बदलला. “पोरीवर माझा राग नाही. तिला काय कळतंय! तू मला न सांगता चिकटवलंस. उद्या हे स्कॅन झालं असतं, तू मला नमस्कार केला असतास, आणि आणखी दहा वर्षांनी कुणीतरी हे उचललं की माझी चार माणसं खाली गळून पडली असती. मला वाटलं असतं, माझाच हात गेला.”

“चुकलं, नाना.”

“चुकलंच.” त्यांनी कॉलर वर ओढून मान पुसली. “आणि मीही चुकलो. पण मी तरी लपवलं नाही. मला माहीतच नव्हतं.” खारूला त्यांनी जवळ बोलावलं. “तू कसं शोधलंस गं?”

“बोटानं. आधी झुंबरवाल्यांचं बोट वर गेलं, मग कुत्र्याचं. मग यांचं अडकलं.”

नानांनी स्वतःचं जाडजूड बोट भट्टीवर ठेवलं आणि वर न्यायला लागले. ते पोलादी भिंतीला अडकलं. “खरंय बुवा,” ते म्हणाले.

मग त्यांनी पातं काढलं. नाकाजवळच्या सामानाच्या खोलीतल्या सहा पेट्या हलकेच खरवडल्या. भिंगबाईनं लावलेली ठिगळं वाफेवर धरून चौघांना पुन्हा मोकळं केलं आणि बशीत ठेवलं. “यांची पाळी संपली. यांना जिन्यावर लावतो. खाली चार नवे.” पेन्सिलीनं गोल गोल रेघ वर चढायला लागली. “दोन दिवस लागतील. संपादकबाईंना कळवायला हवं.”

“मी सांगते,” भिंगबाई म्हणाली.

“तूच सांगायचंस. कात्रीसकट.”

ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली. नंबर लावला. संपादकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा “अगं बाई!” म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, “दोन दिवस देते. आणि यापुढे मूळ चित्र तुझ्या घरी जाणार नाही. मूल आजारी असलं, तरी इथे येऊनच तपासायचं. जमेल?”

जमवणं कठीण होतं. “जमवते,” ती म्हणाली. नोकरी उरली होती. नानांचा भरवसा किती उरला, ते फोनवर विचारण्यासारखं नव्हतं.

“आणि त्या ओळीतला आकडा बदल,” बाई म्हणाल्या. “तीनशे सोळा होणार ना?”

ती वळली, तेव्हा खारू खुर्चीवर गुडघे टेकून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून चित्रावर वाकली होती. पहिला भट्टीवाला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. फावडं अजून हातात होतं.

“नाना, वर गेल्यावर हे आंघोळ कुठे करतात?”

नानांचा ब्रश थांबला. त्यांनी चष्म्यावरून खिडकीकडे पाहिलं.

“भिंगबाई,” ते म्हणाले, “ते आराखड्यांचं पुस्तक आण इकडे.”