चढावरचं एक अख्खं वाक्य

आमच्या गावात रस्त्यानं नवरा पुढे चालतो आणि बायको मागे. वाटेत बोलायचं नसतं. लग्न झाल्यापासून मी मारोतरावांची पाठ बघतच वावरात जात आले, आणि सांगते, त्या पाठीत बघण्यासारखं काही नाही.

फाल्गुनात त्यांच्या छातीत कळ आली. रस्त्यावरची एक जीप थांबवून यवतमाळला नेलं, हृदयात स्टेंट बसवला, जीव वाचला. पण डॉक्टरांनी शेतातलं काम बंद केलं. मारोतराव बाजेवर असे तोंड पाडून बसले, की हा माणूस दुखण्यानं नाही, तर बसून बसून जाईल असं मला वाटायला लागलं. त्यांना फक्त पेरणीनंतर तण काढायला बैलांमागं स्वतःच्या हातानं डवरा धरायचा होता.

दारव्ह्याच्या फिजिओथेरपिस्ट पायल मॅडमनी त्यांना रोज सावकाश चालायला सांगितलं. तेवढ्यात आमच्या पियुषनं पुण्याहून ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. वयावरून आकडा काढला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, इथपर्यंत ठोके गेले पाह्यजे." झालं! ठोके काही तिथवर जाईनात, म्हणून हे आणखी जोरात. त्यात मागून माझ्या चपला वाजायच्या. बायको पुढे निघून गेली तर गाव काय म्हणेल, म्हणून हे अजून जोरात. एक दिवस नाल्याच्या पुलियावर मटकन बसले, चेहरा पांढराफटक. मी रस्त्यातच त्यांना आणि घड्याळाला दोघांनाही शिव्या दिल्या.

पायल मॅडम मात्र रागावल्या नाहीत. "काका, तुमच्या गोळीनं ठोके दबलेले असतात. तो आकडा तुमच्यासाठी नाही. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं, की समजा वेग जास्त झाला. बोलता ना चालताना?"

"मी त राह्यते मांगं," मी म्हटलं. "हे कोणाशी बोलतीन?"

त्या हसल्या. "मग बरोबरीनं चाला. मावशी, तुमचा जन्म कापूस वेचण्यात गेला, काकांचा हा वेग तुमच्यासाठी आरामच आहे. तुम्हाला दम लागायचा तर धावावं लागेल. पण सध्या वेग काकांचा. वावराच्या चढावर अख्खं वाक्य न तुटता बोलले, की मला फोन करा. मी डॉक्टरांना डवऱ्याचं विचारते."

दुसऱ्या दिवशी आम्ही जोडीनं निघालो. पानठेल्यावरून बळीराम ओरडला, "काय मारोतराव, नवीन लगन झालं काय?" हे लाजून सुसाट सुटले. मी बाही धरून ओढलं. "बोला!"

"काय बोलू?"

"काहीबी. पण हळू."

आधी नुसते सोयाबीनचे भाव निघाले. मग हळूहळू माणूस निघाला. इतक्या वर्षांनी मला कळलं, की यांना विहिरीत डोकावायची भीती वाटते आणि माझ्या हातची अंबाडीची भाजी यांना मुळीच आवडत नाही. भाजीचा राग आला, पण ऐकायला गोड वाटलं. पायल मॅडमचे उपकार मी फेडू शकणार नाही. त्यांनी नवरा बरा केलाच, वर त्याला बोलता केला.

चढ मात्र सर होत नव्हता. "यंदा तुरीले..." एवढं म्हणायचे आणि थांबायचे. मीही थांबायचे. पेरणी झाली, अंकुर वर आले, यांचं वाक्य अर्धंच.

मग एका सकाळी चढाच्या मध्यावर ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"त्या दिवशी तू रस्त्यात आडवी उभी राहून जीप थांबवली नसती, त मी आज हे वावर पाह्यलं नसतं, अन हे तुले सांगाचं राहूनच गेलतं."

वाक्य कुठेच तुटलं नाही. पावलंही थांबली नाहीत.

मी पायल मॅडमना फोन लावला. "मावशी, काय झालं? काका बरे आहेत ना?" त्या विचारत राहिल्या. मला जराही दम लागला नव्हता, तरी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी यांनीच फोन घेतला आणि म्हणाले, "मी बरा हाव मॅडम. ही रडून राह्यली."