कोंडीतली भिंगरी

दिवाळीला मुंबईहून आलेला लेक चार दिवस नदीवर जातो, हातभर मासे पकडतो आणि घरी येतो तो रिकाम्या हाताने! आनंदीबाईला हे सोसवेना. बरं, मासा लागत नाही असंही नाही. लागतो. मग रितेश त्याला अलगद सोडवतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो.

"मासे मारतोस की नवस फेडतोस रे?"

"आई, हा खेळ आहे. त्यालाही जगू दे की."

"मग आधी त्याच्या तोंडात गळ कशाला घालतोस? जगवायला?"

त्यात शेजारची सोनूबाई पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "आनंदी, तुझा लेक माशांचे मुके घेतो म्हणे. सुनेला सांभाळ हो!" बायका फिदीफिदी हसल्या. तिच्या सासऱ्यांनी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकला की अर्धी वाडी जेवायची, त्या घराला हे ऐकायची पाळी आली.

पाचव्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन नदीवर गेली. रितेश फोनला रेंज मिळते म्हणून वर टेकाडावर गेला होता. गळाची काठी खडकाला टेकून उभी. दोऱ्याच्या टोकाला त्याची ती भिंगरी, म्हणजे अंगठ्याएवढं चकचकीत पान आणि खाली तीन तोंडांचा गळ. नातीला, सानवीला, तो शिकवत होता तेव्हा आनंदीबाईने कपडे आपटता आपटता सगळं ऐकलं होतं. दोरा बोटावर धरायचा, रिळाची तार उलटायची, काठी मागे नेऊन झटका द्यायचा आणि बोट सोडायचं. भिंगरी पाण्यात पडली की लगेच रीळ फिरवायचं. फिरतंय तोवर पान गरगरतं, माशाला वाटतं लहान मासा पळतोय. हात थांबला की नुसतं लोखंड, बुडालं.

एकच मासा. कालवणापुरता. कुणाला कळणार होतं?

पहिला झटका पायाशीच पडला. दुसरा करंजाच्या झुडपात अडकला. तिसऱ्याला तिने पाग फेकावा तसा सगळ्या अंगाचा जोर लावला आणि भिंगरी लखलखत गेली, ती वरच्या अंगाला, चुना फासलेल्या दगडाच्या पलीकडे.

त्या दगडापलीकडे देवीची कोंड. तिथल्या खोल पाण्यात कुणी कधी जाळं टाकलं नव्हतं. गुरव नैवेद्याचे तांदूळ टाकायला बसला की हातभर लांबीचे मासे त्याच्या बोटांशी येत.

तिथेच हात थांबवायचा होता. भिंगरी तळाला गेली असती, दोरा तोडून टाकता आला असता. पण हाताला गोडी लागली होती. पाण्यात पान गरगरत येत होतं आणि त्याच्यामागे एक काळी सावली. आनंदीबाईने बघितलं, ओळखलं आणि रीळ आणखी जोरात फिरवलं. काठी वाकली, दोरा तिच्या बोटाला कापत सरसर सुटला आणि तुटला.

काठी होती तशी ठेवून ती घरी आली.

संध्याकाळी रितेशने विचारलं, "आई, काठीला कुणी हात लावला होता?"

"मला काय करायचंय तुझ्या काठीशी? अडकली असेल कुठे खडकाला."

त्याने तिच्या बोटाला बांधलेली चिंधी बघितली आणि काठी पुसायला घेतली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी रामा गुरव धावत आला. देवीचा मोठा मासा तांदळाला तोंड लावत नव्हता. ओठाला चकचकीत पान लोंबत होतं. पान कुणाचं, ते वाडीला सांगावं लागलं नाही.

गाव देवळात जमला. "चुकलं माझं," रितेश मान खाली घालून म्हणाला. गावकऱ्यांनी ठरवलं, तीन वर्षं त्याने शिमग्यात पालखीला खांदा द्यायचा नाही. त्या खांद्यासाठी हा पोर मुंबईत नोकरीवर पाणी सोडायला निघायचा. तरी त्याने हात जोडले. रामा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला.

"बा देवी, तुझं लेकरू रितेश, त्याच्या हातनं..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

आनंदीबाईचे ओठ हललेच नाहीत. स्वतःचं पाप लेकाच्या नावाने देवीपुढे चाललं होतं, आणि त्याला ती 'व्हय' म्हणणार होती?

"थांब रामा. नाव चुकतंय. आनंदी म्हण."

तिने सगळं सांगितलं, काळ्या सावलीसकट. सोनूबाईसुद्धा हसली नाही. रामा चाचरत म्हणाला, "काकी, मग नवरात्रातला पहिल्या ओटीचा तुमचा मान..."

"मला नको तो. मासा तांदूळ खाईल तेव्हा बघू. खाईल का रे?"

रामाने नैवेद्याचे तांदूळ ओंजळीत घेतले.

पायऱ्या उतरताना रितेश कुजबुजला, "कशाला बोललीस, आई? घेतलं होतं ना मी अंगावर."

ती जागच्या जागी थांबली. मागून गाव उतरत होता, तरी आवाज खाली आणला नाही.

"मी पापी आहे, ते माझं मी बघेन. पण तू भित्रा आहेस, रितेश. माझं बोट बघितलंस, तेव्हाच तोंडावर म्हणायचं होतंस, आई, खोटं बोलतेस. ती हिंमत तुझ्यात नाही, आणि ती मीच कधी येऊ दिली नाही."